सोलापुरी चादरीला क्रोशाची किनार: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

क्रोशाची किनार म्हटलं की डोळ्यासमोर आधी नक्षी येते. शिंपले, टोकं, जाळी, फुलं. शिकायला बसलेली मुलगी व्हिडिओ बघून थेट नक्षीलाच हात घालते आणि निम्म्यात आल्यावर तिच्या लक्षात येतं की एक बाजू झालरीसारखी लाटा मारतेय, दुसरी आत ओढली जातेय आणि कोपरे उभे राहायला लागलेत. मग ती नक्षीला दोष देते. खरी गडबड झालेली असते कापडाला जोडलेल्या पहिल्या ओळीत. ती ओळ मोजून, सारख्या अंतरावर आणि कोपऱ्यात पुरेसे टाके देऊन घातली, तर तिच्यावर नुसते मुके खांब, म्हणजे साधे बुटके टाके, घातले तरी चादर देखणी दिसते. म्हणून इथं सगळ्यात जास्त जागा त्या पायाच्या ओळीला दिली आहे.

उदाहरणाला सोलापुरी चादर घेते. आपल्याकडे ती घरोघरी असते, कापड जाड आणि सुती असतं, कडा सरळ असतात. नव्या हाताला यापेक्षा चांगलं कापड नाही. दुपटं, ओढणी, बाही, वाकळ यांचं शेवटी सांगते. पद्धत तीच, थोडे फेरफार.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. मोठ्या चादरीची किनार एका बैठकीत होत नाही. रोज संध्याकाळी तासभर बसलात तर काही आठवडे सहज जातात. दिवाळीनंतर हातात घेतली तर सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्यापर्यंत (जत्रेपर्यंत), म्हणजे थंडी असतानाच, पांघरायला मिळेल.

सूत आणि सुई

चादर सुती आहे, तर किनारही सुतीच हवी. दुकानात लोकरीचे गुंडे स्वस्त असतात आणि रंगही भरपूर असतात, पण त्यातली बरीच लोकर अ‍ॅक्रिलिकची असते. चादर आपण गरम पाण्यात भिजवतो, धोपटतो, पिळतो, उन्हात कडकडीत वाळवतो. अ‍ॅक्रिलिकला हे मानवत नाही. त्यावर गोळे धरतात, किनार सैल पडते आणि गरम इस्त्री लागली की दोरा वितळून चपटा होतो.

सोलापुरातल्या नवी पेठेत शिवण-विणकामाचं सामान मिळतं त्या दुकानांत क्रोशाचा सुती दोरा मागा. अँकरसारख्या दोऱ्याच्या गुंडीवर १०, २०, ४० असा आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितका दोरा बारीक. २० नंबरचा दोरा दुपटं, रुमाल आणि बाहीला चांगला. त्याला १.२५ ते १.५ मिलिमीटरची स्टीलची सुई लागते. ४० नंबर तलम ओढणीला, १ मिलिमीटरच्या सुईनं. चादरीपुढे हे दोन्ही हरवून जातात. तिला चार पदरी सुती दोरा आणि ३ मिलिमीटरची सुई घ्या.

सोलापूरकरांना आणखी एक सोय आहे. पूर्व भागात ओळखीचा कारखाना असेल तर मागावरचं सूत कोनवर मिळू शकतं. २/२० नंबरच्या सुताचे पाच पदर एकत्र घेतले की चादरीला पुरेल एवढी जाडी येते, आणि रंग, पोत थेट चादरीशी जुळतात. मात्र या पदरांना एकमेकांचा पीळ नसतो, त्यामुळे सुईच्या टोकाच्या हुकातून एखादा पदर मागे राहतो. प्रत्येक टाक्याला पाचही पदर आले का ते बघावं लागतं. पहिल्या चादरीला तयार दोराच बरा, हात बसला की कोनकडे वळा.

दोरा किती आणायचा हे अंदाजानं ठरवू नका. ६० बाय ९० इंचाच्या चादरीचा घेर ३०० इंच, म्हणजे सुमारे ७६२ सेंटिमीटर. जी किनार करायची तिचा १० सेंटिमीटरचा नमुना जुन्या कापडावर करा, उसवा आणि लागलेला दोरा मोजा. समजा ४ मीटर लागला, तर त्याच्या ७६ पट, म्हणजे तीनशेच्या वर. कोपरे आणि सोडायची टोकं धरून ३५० मीटर एकदमच आणा आणि सगळ्या गुंड्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच पाहून घ्या. वेगळ्या लॉटच्या, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेल्या, दोऱ्यातला फरक गुंडीवर कळत नाही, चादरीवर मात्र लांबून दिसतो.

आधी धुणं, मग विणणं

नव्या चादरीत खळ असते आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी किनार घातली आणि मग चादर आटली, तर किनार तेवढीच राहते आणि लाटा पडतात. म्हणून चादर एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कामाला घ्या.

दोऱ्याचा रंग पक्का आहे का तेही तपासा, विशेषतः लाल, मरून आणि गडद निळ्या दोऱ्याचा. हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात गुंडाळा, वर वजन ठेवा आणि पाव तासानं उघडून बघा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं खूप जणी सांगतात, पण कारखान्यात रंगवून आलेल्या दोऱ्याचा रंग मिठानं थांबत नाही. कापडाला डाग लागला तर तो दोरा फिक्या चादरीला लावू नका, एवढाच त्यावर इलाज.

लागणारे टाके

साखळी: सुईवरच्या लूपमधून दोरा ओढला की एक साखळी. मुका खांब: सुई आत घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर दोन लूप होतील, पुन्हा वेढा घेऊन दोन्हीतून काढा. खांब: सुई घालण्याआधीच एक वेढा घ्या, दोरा ओढल्यावर तीन लूप होतील, मग वेढा घेऊन दोनातून, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनातून काढा. स्लिप स्टिच: सुई घालून ओढलेला दोरा थेट सुईवरच्या लूपमधूनही काढून घ्या, फेरी जोडायला हीच लागते.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर एक सांभाळा. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, आणि तोच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे होतो. सांगणारी कुठल्या पद्धतीनं बोलतेय ते कळल्याशिवाय टाके मोजू नका.

पायाची ओळ

जाड कापडात क्रोशाची सुई थेट घुसत नाही. जोर लावून घुसवली तर विणीतले धागे तुटतात आणि मनगट दुखतं ते वेगळंच. म्हणून आधी साध्या शिवणाच्या सुईनं कडेभोवती ब्लँकेट टाका घालायचा आणि क्रोशा त्या टाक्यांत अडकवायचा.

चादरीच्या चारही कडा सारख्या नसतात. लांबीच्या कडांना मागावरच तयार झालेला काठ असतो, तिथं उभे धागे दाट बसलेले असतात. रुंदीच्या कडा कापून, दुमडून शिवलेल्या असतात. दुमडलेल्या बाजूला सुई दुमडीच्या दोन्ही पदरांतून जाऊ द्या, म्हणजे किनारीचा भार दोन पदरांवर येतो. काठाच्या बाजूला अगदी टोकाशी टोचायचा मोह होतो, कारण तिथं टाका नाजूक दिसतो. आमच्या शेजारच्या अक्कांच्या घरी माग होते. माझ्या हातातली चादर बघून त्या म्हणाल्या, “इतक्या कडेला टोचू नको गं, तिथं एक-दोन धाग्यांवरच सगळा भार येतो. अर्धं बोट आत ये.” चादर पिळताना ओढ बसते ती नेमकी तिथंच. तेव्हापासून कुणालाही शिकवताना मी हेच आधी सांगते.

तर कडेपासून ८ मिलिमीटर आत शिंप्याच्या खडूनं रेघ मारा. आता पुठ्ठ्याची वीतभर पट्टी घ्या आणि तिच्या कडेला दर ८ मिलिमीटरवर कात्रीनं बारीक खाच पाडा. ही पट्टी रेघेवर ठेवून प्रत्येक खाचेपाशी ठिपका द्या, पट्टी सरकवा, पुन्हा ठिपके. ६० इंचाच्या बाजूला साधारण १९० ठिपके येतील आणि ९० इंचाच्या बाजूला २८६. कोपऱ्याजवळ पोचताना अंतर जुळत नसेल तर शेवटच्या वीतभरात ठिपके किंचित जवळ किंवा लांब घ्या. एकाच ठिपक्यात फरक ढकलला तर तो दिसतो, वीसेक ठिपक्यांत वाटला तर दिसत नाही. आखायला पुरी संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या.

मोठ्या नेढ्याची, टोकदार सुई घ्या. स्वेटर शिवायची बोथट सुई इथं चालत नाही. दोरा किनारीचाच, दीड हात लांब. त्याहून लांब घेतला की गुंततो आणि कापडातून सारखा ओढून झिजतो. दोऱ्याचं टोक दुमडीत लपवून सुई कडेशी बाहेर काढा. वरून पहिल्या ठिपक्यावर टोचा, सुई खालून कडेकडे येऊ द्या आणि कडेशी दोऱ्याचा जो वेढा पडलाय त्यातून ती बाहेर काढा. ओढल्यावर दोन ठिपक्यांच्या मध्ये कडेवर एक आडवा दोरा टेकलेला दिसेल. पुढे क्रोशा अडकणार तो याच दोऱ्यात. तो कडेला टेकला पाहिजे, पण कापड गोळा व्हायला नको. क्रोशाची सुई त्याच्याखालून सहज सरकवून बघा. सरकत नसेल तर ओढ जास्त आहे.

चारही बाजू झाल्या की क्रोशा. सुरुवात कोपऱ्यावर करू नका. पायथ्याच्या बाजूला, कोपऱ्यापासून वीतभर आत करा, म्हणजे फेरीचा जोड डोळ्यांत येत नाही. दोरा जोडा, एक साखळी घ्या आणि प्रत्येक आडव्या दोऱ्यात दोन मुके खांब घालत चला.

वीतभर झालं की थांबा. चादर फरशीवर पसरा, हातानं दाबू नका, नुसती पडू द्या आणि बघा. किनार लाटा मारत असेल तर टाके जास्त झालेत: दोन, दोन, एक असे घालून पाहा. कापड आत ओढलं जात असेल तर टाके कमी पडताहेत किंवा हात घट्ट आहे: दोन, दोन, तीन घाला किंवा सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्या. प्रत्येकीच्या हाताची ओढ वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आकडा तुम्हाला तंतोतंत लागू होईलच असं नाही. वीतभरात जे प्रमाण जमलं ते कागदावर लिहून ठेवा आणि चारही बाजूंना तेच ठेवा. इस्त्रीनं बसेल म्हणून लाट तशीच पुढे नेऊ नका. पहिल्या धुण्यात ती परत येते.

कोपरा

कोपऱ्यावर ब्लँकेट टाका तिरपा, कोपऱ्याच्या टोकाकडे तोंड करून घाला. क्रोशानं तिथं पोचलात की त्या एकाच जागी तीन मुके खांब घालायचे आणि मधल्या खांबात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून खूण करायची. पुढच्या फेरीत त्या मधल्या खांबात पुन्हा तीन. असं प्रत्येक फेरीत. बाहेरची फेरी आतल्या फेरीपेक्षा लांब असते आणि ती वाढ फक्त कोपऱ्यांतच होते. तीनाऐवजी एकच घातला तर कोपरा आत वळून वाटीसारखा होतो, पाच घातले तर कानासारखा उभा राहतो. खांबाची फेरी असेल तर उंची जास्त असल्यामुळे कोपऱ्यात पाच खांब लागतात.

खूण काढायची घाई करू नका. तीन फेऱ्यांनंतर मधला खांब कुठला हे नुसत्या नजरेनं ओळखणं सरावलेल्यांनाही कठीण जातं, आणि एक टाका इकडेतिकडे झाला की कोपरा फिरकी घेतल्यासारखा तिरका होत जातो.

सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी पांघरता येते, नक्षी तीच आणि रंग उलटे. किनार एकाच दिशेनं गोल विणत गेलात तर मुक्या खांबांची सुलट बाजू कायम एकीकडेच राहते. त्यापेक्षा प्रत्येक फेरी स्लिप स्टिचनं जोडा, एक साखळी घ्या आणि चादर उलटून उलट दिशेनं चला. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात.

वरची किनार

चादरीवर आधीच ठसठशीत जेकार्ड, म्हणजे मागावरच विणलेली, नक्षी असते. तिच्या शेजारी मोठी जाळी घातली तर दोन्ही एकमेकींना मारतात. माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या चादरीला मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या आणि शेवटी उलट्या मुक्या खांबांची एक फेरी, एवढं पुरे. उलटा मुका खांब म्हणजे तोच टाका, पण डावीकडून उजवीकडे. सुई मागच्या टाक्यात घालायची, दोरा ओढायचा, वेढा घेऊन दोन्ही लूपमधून काढायचा. पहिले दहा-पंधरा टाके हात अडखळतो, मग लय सापडते. कडेला पीळ दिलेल्या दोरीसारखी गोलाई येते, ती धुण्याला टिकते आणि कशातही अडकत नाही. चादरीतल्या दोन रंगांपैकी कमी दिसणारा रंग किनारीला निवडून बघा, तो नेहमी शोभतो.

रुखवतात मांडायची चादर असेल तर हौस पुरवा. तिथं लोक जवळ येऊन, उचलून बघतात. शिंपल्यांची किनार घ्या: एक मुका खांब, दोन टाके सोडून पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, दोन टाके सोडून पुन्हा मुका खांब. ही नक्षी सहा-सहा टाक्यांनी फिरते. कोपऱ्याच्या खुणेवर सात खांबांचा शिंपला बसवायचा, म्हणजे तो वळणावर नीट पसरतो. त्यासाठी दोन कोपऱ्यांच्या खुणांमधले टाके ६ ने भागून बाकी ५ राहायला हवी. समजा ३०० टाके आले, तर २९९ हवेत, एक जास्त आहे. मग बाजूच्या मधोमध एका ठिकाणी दोनाऐवजी तीन टाके सोडा. ३०३ आले, तर ३०५ ला दोन कमी आहेत, म्हणून दोन ठिकाणी दोनाऐवजी एकच टाका सोडा. हे फेरफार एकमेकांपासून लांब ठेवा. हिशेब प्रत्येक बाजूचा वेगळा करा आणि विणायला घेण्याआधी करा.

टोकांची किनार याहून सोपी. तीन मुके खांब, मग तीन साखळ्या, पहिल्या साखळीत स्लिप स्टिच, की एक टोक तयार. पुन्हा तीन मुके खांब. हिला मोजमाप कमी लागतं आणि बाहीला ही फार छान दिसते.

चादर सोडून बाकीचं

बाळंतविड्यातल्या दुपट्याला २० नंबरचा मऊ दोरा घ्या, ब्लँकेट टाका ४ मिलिमीटर आत आणि ५ मिलिमीटर अंतरावर. जाळी, लांब साखळ्या, मणी, गोंडे इथं अजिबात नकोत. बाळाची बोटं भोकात अडकतात आणि हाताला लागेल ते तोंडात जातं. दाट मुके खांब आणि बुटके शिंपले एवढंच. झबल्याच्या गळ्याला तर एक फेरी मुका खांब पुरे.

मलमलीसारख्या पातळ कापडात १ मिलिमीटरची टोकदार स्टीलची सुई थेट जाते, पण कड आधी दुमडून शिवलेली हवी. जॉर्जेटच्या ओढणीला आधी मशिनवर पिको करून घ्या आणि त्या शिवणीच्या आतून क्रोशा घाला. दोरा जाड घेतला तर ओढणी किनारीच्या वजनानं लोंबते.

ब्लाऊजचा किंवा कुर्त्याचा गळा आतल्या बाजूला वळतो, तिथं टाके थोडे कमी ठेवावे लागतात, नाहीतर किनार उभी राहते. गोल घेराच्या कडेला उलट, टाके वाढवावे लागतात. दर वीतभरानं पसरून बघायचा नियम इथंही लागू आहे. ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या कापडाला पहिल्या प्रयत्नात हात लावू नका.

वाकळीला कडेनं पट्टी असते. सुई फक्त त्या पट्टीतून घाला, सगळ्या थरांतून नको. टेरी टॉवेलला दोन टोकांना जी सपाट दुमड असते तिथंच किनार घाला. फराचे लूप सुईत अडकले की सरसर ओढले जातात आणि टॉवेलला पट्टा पडतो.

विणलेल्या स्वेटरच्या उभ्या कडेला दर चार ओळींना तीन मुके खांब असं प्रमाण बहुधा बसतं, आणि टाके बंद केलेल्या आडव्या कडेला एकास एक. क्रोशाच्याच ब्लँकेटला खांबाच्या प्रत्येक ओळीच्या बाजूला दोन मुके खांब.

टोकं लपवणं, धुणं, दुरुस्ती

दोरा संपला की गाठ मारू नका. गाठ धुण्यात सुटते नाहीतर बोटाला टोचते. जुन्या आणि नव्या दोऱ्याचं प्रत्येकी १० सेंटिमीटरचं टोक सोडा. शेवटी ही टोकं सुईनं खांबांच्या पोटातून आठ-दहा टाके एका दिशेनं न्या, मग एक टाका सोडून तितकेच परत आणा. एकाच दिशेनं ओवलेलं टोक काही महिन्यांत बाहेर डोकावतं.

पूर्ण झाल्यावर चादर पाण्यात भिजवून सतरंजीवर पसरा, किनार हातानं सरळ करा, शिंपले आणि टोकं टाचण्यांनी ताणून ठेवा आणि सावलीत वाळू द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखालीही लवकर वाळते, कडक उन्हात टाकलीत तर गडद रंग विटतात. इस्त्री करायचीच तर उलट बाजूनं, ओलं कापड मध्ये ठेवून. मशिनमध्ये धुताना चादर जाळीच्या पिशवीत घाला, आणि दोरीवर टाकताना किनारीला चिमटे लावू नका, चिमटा कापडाला लागला पाहिजे.

एखादा खांब तुटला तर लगेच दोन्ही बाजूंचे लूप सुटीपिनेत अडकवून ठेवा, म्हणजे उसवण पुढे जात नाही. मग तुटलेल्या जागेच्या दोन्हीकडचे चार-पाच टाके उसवून नवा दोरा जोडा आणि तेवढाच भाग पुन्हा विणा. ब्लँकेट टाका शाबूत असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. यासाठी किनारीचा उरलेला दोरा टाकू नका. त्याची छोटी लडी करून चादरीबरोबरच धूत जा, म्हणजे चादरीचा रंग जसा उतरेल तसा त्याचाही उतरेल आणि दुरुस्तीचा तुकडा वेगळा उठून दिसणार नाही.